ऋण, वचन आणि दास्य

प्रत्येक विधिनिषेधाच्या पोटी एक सिद्धान्त असतो. 'हे करावे, हे करू नये' एवढेच शासनाचा नियम उघडपणे सांगतो. तो नियम ज्या नीतिविचारातून जन्मला त्याचा उच्चार तो बहुधा करीत नाही. शास्त्रवचनाचा केवळ शब्दार्थ लावून टीकाकार थांबत नाही, वचनाचा अभिप्राय शोधतो. राजशासनाच्या नियमांनाही हीच रीत लावून पाहिली पाहिजे. त्या नियमाने मनुष्य म्हणून कोणाला मोजले आहे, आणि मनुष्याची 'इच्छा' कशास म्हटले आहे, हे दोन प्रश्न विचारले असता नियमाच्या पोटातील सिद्धान्त बाहेर येतो. हा विचार केवळ कल्पनेने करण्यापेक्षा एका भूप्रदेशाच्या अनुभवावर घासून पाहणे बरे. त्यासाठी जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके येथे घेतले आहेत.

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पश्चिम उतरणीवर आहेत. पूर्वी ते ठाणे जिल्ह्यात होते; १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी ही येथील वस्ती. डोंगरउतारावर नागली आणि वरई, खाचरात भात, आणि उरलेले पोट रानावर, असा येथील निर्वाह. डोंगर तोच, माणसेही तीच. तथापि १९४८ पर्यंत या दोन तालुक्यांवर दोन निरनिराळी शासने होती. जव्हार हे मुकणे घराण्याचे चौदाव्या शतकापासून चालत आलेले संस्थान होते, आणि मोखाडा हा इंग्रजी ठाणे जिल्ह्याचा एक पेटा होता. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. एका कुळाचे पाऊल ओढा ओलांडताच राजा बदलत असे, पण त्याच्या मानेवरील जू बदलत नसे. असे का व्हावे, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

त्या जुवाचे एक नाव 'लग्नगडी' असे होते. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातील ही पद्धत होय. लग्नाच्या खर्चासाठी गरीब तरुण सावकाराकडून किंवा जमीनमालकाकडून काही रुपये घेई आणि ते फिटेपर्यंत त्याच्या घरी राबण्याचे कबूल करी. पुष्कळदा त्याची नवी बायकोही त्याच घरी राबू लागे. मोबदला म्हणून पोटापुरते धान्य मिळे. राबणे व्याजात जाई आणि मुद्दल तसेच राही. मध्यंतरी आजारपण आले, दुष्काळ पडला, की मुद्दलात आणखी भर पडे. हिशेबाची वही एकाच्या हाती होती, आणि दुसऱ्यास अक्षर येत नव्हते. असा मनुष्य म्हातारा होईपर्यंत गडीच राही, आणि मुलाच्या लग्नाच्या वेळी पुन्हा त्याच दारी जाई. त्यास कोणी बेडी घातलेली नव्हती. तो आपल्या पायांनी आला होता आणि आपल्या तोंडाने बोलला होता.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो दुबळा नाही. पूर्वपक्ष म्हणतो : ऋण घेतले ते फेडलेच पाहिजे. वचन दिले ते पाळलेच पाहिजे. जगातील कोणताही धर्म, कोणतीही नीती याहून वेगळे सांगत नाही. वचनाचे बंधन सुटले तर कोणी कोणास दाणाही उसना देणार नाही, आणि सर्वांत आधी उपाशी मरेल तो गरीबच. ज्याने स्वेच्छेने श्रम गहाण ठेवले त्याच्या इच्छेचा मान राखून तो करार राजाने पुरा करवून घ्यावा; त्यात हात घालणे हे उलट त्या माणसास अजाण ठरविणे होय. या पूर्वपक्षास आणखी एक बळ आहे. स्वतः लग्नगड्यास तो मान्य होता. घेतलेले बुडविणे पाप आहे, ही त्याची श्रद्धा होती. रात्री उठून तो घाटाखाली पळून जाऊ शकला असता, पण बहुधा गेला नाही. त्याच्या दास्याची कडी ही जशी सावकाराच्या लोभाची होती, तशीच त्याच्या स्वतःच्या प्रामाणिकपणाचीही होती. म्हणून हा प्रश्न केवळ राज्यकारभाराचा उरत नाही. नीतीच्या मुळाशी जातो.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी या विषयाचा विचार केलेला आहे. नारदस्मृतीत दासांचे पंधरा प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांत गहाण पडलेला व ऋणापायी दास झालेला हेही आहेत. मात्र त्यांच्या सुटकेची वाटही तेथे सांगितली आहे. कौटिल्याने तर गहाण पडलेल्या माणसाकडून प्रेत, विष्ठा किंवा उष्टे उचलण्याचे काम करून घेतल्यास धनकोने आपले द्रव्य गमावले असे समजावे, असा नियम घातला. ऋणको झाला तरी त्याची मनुष्य म्हणून एक पायरी आहे, तिच्याखाली त्यास ढकलता येत नाही, हा त्या नियमाचा अभिप्राय होय. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये हा दामदुपटीचा नियमही याच जातीचा. मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो इंग्रजी अमलातही मानीत असत. परंतु याच कौटिल्याने आर्याला दास्य नाही असे सांगताना, म्लेच्छांनी आपली संतती विकली अथवा गहाण ठेवली तर दोष नाही, असेही म्हणून ठेवले आहे. म्हणजे सिद्धान्त चांगला, पण त्याभोवती कुंपण होते. कुंपणाबाहेरच्या माणसाला त्याचा काय उपयोग?

आता इंग्रजी शासनाकडे वळू. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानचे कायदे रचणाऱ्यांवर बेंथॅम याच्या उपयुक्ततावादाची छाप होती. अधिकांत अधिक लोकांचे अधिकांत अधिक सुख ज्याने साधेल तो नियम चांगला, असे या वादाचे सार आहे. त्याचे गुण नाकारता येणार नाहीत. सर्वांस एकच दंडविधान, लिहिलेला कायदा आणि सुटसुटीत न्याय या गोष्टी त्यातून आल्या. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ३७४ व्या कलमाने तर कोणाही माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदेशीरपणे राबविणे हा अपराध ठरविला. मग लग्नगड्याला हे कलम का लागू पडले नाही? कारण त्या कलमातील 'इच्छेविरुद्ध' हा शब्द. गडी इच्छेने आलेला होता, निदान कागद तसे म्हणत होता. आणि त्याच सुमारास, १८५९ साली, तेराव्या क्रमांकाचा जो अधिनियम झाला, त्याने आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्या कारागिरास वा मजुरास दंडाधिकाऱ्यापुढे उभे करून शिक्षा देण्याची सोय केली. मूळ प्रयोजन मोठ्या शहरांतील धनिकांची सोय हे होते. पुढे तो इतरत्र पसरला आणि १९२५ साली तो रद्द करण्याचा कायदा होईपर्यंत पुस्तकात राहिला. एका हाताने वेठीस मनाई आणि दुसऱ्या हाताने उचलीच्या मजुरास तुरुंग, असे हे शासन होते. आणि त्यास स्वतःत काही विसंगती दिसत नव्हती, कारण दोहोंच्या मध्ये 'इच्छा' हा एकच शब्द बसलेला होता.

याच १८५९ साली जॉन स्टुअर्ट मिल याचा स्वातंत्र्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मनुष्याने आपल्या इच्छेने स्वतःला दास म्हणून विकले तर काय, हा प्रश्न त्याने उपस्थित केला आणि असे विकणे समाजाने मान्य करू नये, असा निर्णय दिला. स्वातंत्र्याच्या नावाने स्वातंत्र्यच टाकून देता येत नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. लग्नगड्याच्या प्रश्नास याहून नेमके उत्तर कोणते? पण या ग्रंथाच्या आरंभीच मिलने एक कुंपण घातले होते : जे समाज त्याच्या मते अप्रौढ अवस्थेत आहेत त्यांस हे स्वातंत्र्यतत्त्व लागू नाही. हा मनुष्य तारुण्यापासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरीत हिंदुस्थानचाच कारभार पाहात होता. कौटिल्याचे कुंपण आणि मिलचे कुंपण यांत दोन सहस्र वर्षांचे आणि अर्ध्या पृथ्वीचे अंतर आहे. पण अरण्यातील माणूस दोन्ही वेळा बाहेरच उभा राहिला.

कुंपणाबाहेरच्या माणसास पुढे 'पाल्य' ठरविण्यात आले. १९३५ च्या कायद्याखाली काही प्रदेश 'अंशतः वगळलेली क्षेत्रे' म्हणून जाहीर झाले, आणि त्यांत मोखाडा पेटा होता. विधिमंडळाचा कायदा अशा क्षेत्रात गव्हर्नरने जाहीर केल्यावाचून लागू होत नसे. अज्ञानास सज्ञान होईपर्यंत पालकाने सांभाळावे, ही या व्यवस्थेमागील नीती. तिच्यात करुणा मुळीच नव्हती असे म्हणता येणार नाही. याच व्यवस्थेतून सायमिंग्टन या अधिकाऱ्याची नेमणूक होऊन १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्याचा अहवाल आला, आणि लग्नगड्यांची स्थिती गुलामगिरीहून फारशी वेगळी नाही हे सरकारी कागदावर उतरले. परंतु पाल्याला कोणी विचारीत नाही. अहवाल त्याच्याविषयी लिहिला जातो, त्याच्याशी बोलून निर्णय होत नाही. आणि पालकाला वेळ झाला नाही तर पाल्य तसाच राहतो.

या सर्वांचा उलगडा करण्यास जव्हारचाच एक दृष्टान्त उपयोगी पडतो. ठाण्याच्या १८८२ च्या गॅझेटियरात ही परंपरागत कथा नोंदलेली आहे. राज्याच्या मूळ पुरुषाने तेथील वारली नायकाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली. नायकाने आनंदाने दिली. मग त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्या जोडल्या, त्यांनी मोठा प्रदेश वेढला, आणि तो सारा मागणाऱ्याचा झाला. नायकाला गंभीरगडाकडील मुलूख मिळाला. कार्थेजच्या राणीविषयीही अशीच कथा सांगतात. तेव्हा तीस इतिहास मानण्याचे कारण नाही आणि कोणत्याही घराण्यास बोल लावण्याचेही नाही. दृष्टान्त म्हणूनच ती घ्यावी. नायकाने जो शब्द दिला त्याचा शब्दार्थ पुरा झाला, अभिप्राय मोडला. दार्ष्टान्तिक असे की, लग्नगड्याने दिलेला शब्दही कातड्याएवढाच होता. एका लग्नाचा खर्च, आणि तेवढ्यापुरते श्रम. सावकाराच्या वहीने त्याच्या वाद्या कापल्या आणि त्यांनी सारा जन्म वेढला. न्यायासनाने मात्र शब्द मोजला आणि अभिप्राय मोजला नाही.

आता सिद्धान्त. वचन बांधते हे खरे. परंतु वचनाला बांधण्याचे सामर्थ्य कोठून येते? देणारा मनुष्य स्वतःचा धनी आहे, यातूनच येते. दगडाने वचन दिले असे कोणी म्हणत नाही, कारण दगडास 'नाही' म्हणता येत नाही. ज्यास 'नाही' म्हणण्याची वाटच नव्हती त्याच्या 'होय' या उच्चाराला वचन म्हणावे कसे? आणि ज्या वचनाने देणाऱ्याचे धनीपणच कायमचे नाहीसे होते, ते वचन आपल्याच मुळावर कुऱ्हाड घालते. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली हाच विचार निराळ्या शब्दांत मांडला होता : मनुष्यास केवळ दुसऱ्याच्या प्रयोजनाचे साधन म्हणून वागविता येत नाही, कारण तो स्वतःच एक प्रयोजन आहे. वस्तूला किंमत असते, मनुष्याला प्रतिष्ठा असते. किंमत असलेली वस्तू गहाण ठेवावी. प्रतिष्ठा गहाण पडत नाही.

हा सिद्धान्त ग्रंथातून उतरून या डोंगरात येण्यास माणसांचे पाय लागले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे, तेव्हाच्या उंबरगाव भागात, किसान सभेच्या परिषदेस हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करावयाची नाही असे त्यांनी ठरविले. त्याच वर्षी १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला व माणसे मेली. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात ही हकिकत लिहून ठेवली आहे. त्या चळवळीच्या राजकीय मतांशी कोणाचा मतभेद असू शकेल, परंतु ज्यांना 'नाही' हा शब्द ठाऊक नव्हता असे मानले जाई त्यांनी तो उच्चारला, या घटनेचे नैतिक मोल त्या मतभेदाने कमी होत नाही.

२६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगार आणि सक्तीचे श्रम निषिद्ध ठरविले, आणि हा निषेध राजाला जसा तसाच सावकाराला लागू केला. येथे प्रथमच कुंपण नाहीसे झाले. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियमाने, जो २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू मानला जातो, वेठीस कारण झालेले ऋणच संपुष्टात आणले. आणि एखादे ऋण तसे नाही असे कोणाचे म्हणणे असेल तर ते सिद्ध करण्याचा भार धनकोवर टाकला. वही ज्याच्या हाती, पुरावाही त्यानेच द्यावा, हे उचित झाले. तरी 'इच्छा' या शब्दाचा गुंता उरला होता. तो १८ सप्टेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सोडविला. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांचे ते प्रकरण होते. न्यायमूर्ती भगवती यांनी असा निर्णय दिला की बळ म्हणजे केवळ काठीचे किंवा कायद्याचे बळ नव्हे. भूक आणि दारिद्र्य यांनी दुसरी वाट न ठेवल्यामुळे किमान वेतनाहून कमी मोलात जो राबतो, त्याचेही श्रम सक्तीचेच होत. १८६० च्या कायद्यात जो शब्द दाराला अडसर होऊन बसला होता, त्याचा अभिप्राय लागण्यास एकशे बावीस वर्षे गेली.

येथे शंका घेतली जाते. शासनाने ऋणे रद्द केली तर लोकांस ऋण बुडविण्याचा पाठ मिळणार नाही काय? समाधान असे : फेडलेले ऋण कोणी रद्द करीत नाही आणि न्याय्य ऋण बुडवावे असेही कोणी म्हणत नाही. ज्याने दहा वर्षे राबून ऋण दहा वेळा फेडले, त्याने ते फेडले असे मान्य करणे म्हणजे बुडविणे नव्हे. उलट प्रामाणिक माणसाच्या प्रामाणिकपणावरच जेव्हा दुसऱ्याचा धंदा चालतो, तेव्हा प्रामाणिकपणाचे रक्षण करण्यासाठीच राजदंड उचलावा लागतो. तसे न केले तर सत्याने चालणारा बांधला जातो आणि पळून जाणारा सुटतो, आणि हा पाठ त्याहून वाईट आहे.

दुसरी शंका आम्हां विरक्तांस उद्देशून आहे. तुम्ही स्वतः दास्याची थोरवी सांगता, शिष्याने आपली इच्छा गुरूच्या चरणी ठेवावी म्हणता, मग लग्नगड्याच्या दास्याची निंदा कोणत्या तोंडाने करता? शंका योग्य आहे, आणि तिला उत्तर देणे आमच्यावर बंधनकारक आहे. जो देतो त्याच्यापाशी ते आधी असावे लागते. अनुसरण घेणारा आपले घरदार, आपली इच्छा सोडतो, कारण ती त्याची होती. तो भुकेने आलेला नसतो. उलट भूक पत्करण्यास येतो. त्याच्या नावे कोणाच्या वहीत रक्कम वाढत नाही, त्याच्या दास्याचा वारसा मुलावर पडत नाही, आणि परत फिरू म्हटल्यास त्यास धरून आणण्यास कोणी शिपाई धाडीत नाही. जेथे यांपैकी एक जरी गोष्ट उलटी झाली, तेथे भगवे, काळे वा पांढरे कोणतेही वस्त्र असले तरी ते दास्य लग्नगड्याचेच जाणावे. ही कसोटी आम्ही आपल्या मठांस लावण्यास कचरता कामा नये.

आता आजची स्थिती. लग्नगडी हे नाव मागे पडले, तरी पावसाळी कामे सरली की जव्हार-मोखाड्याची कुटुंबे अजून घरांस कड्या घालून वीटभट्ट्यांकडे आणि बांधकामांकडे उतरतात, आणि त्यांतील पुष्कळांनी आधीच उचल घेतलेली असते. २०२१ साली मोखाडा तालुक्यातून, क्षुल्लक उसनवारीपायी राबवून घेतल्याची तक्रार १९७६ च्या याच अधिनियमाखाली नोंदविली गेली आणि साऱ्या महाराष्ट्राने ती बातमी वाचली. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. ३७४ व्या कलमाचा आशय तेथे १४६ व्या कलमात आहे, आणि 'इच्छेविरुद्ध' हा शब्दही आहे. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ लावणारा ठाणेदार आणि तहसीलदार कोणता सिद्धान्त मनात धरून बसला आहे, यावर अजूनही सर्व अवलंबून आहे.

म्हणून 'नाही' म्हणण्याचे बळ येते कोठून, याचा विचार शासनाने केला पाहिजे. ते बळ घरातल्या कणगीतून येते, हाताशी असलेल्या कामातून येते, आणि चार माणसांच्या सोबतीतून येते. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा अधिनियम केला, त्याचे खरे नैतिक महत्त्व येथे आहे. गावात काम मिळण्याचा हक्क ज्यास आहे तो मुकादमाच्या उचलीस नकार देऊ शकतो. वेळेवर काम आणि वेळेवर मजुरी मिळाली नाही तर तो हक्क कागदावर राहतो आणि नकारही तोंडात राहतो. तसेच, अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसंबंधीच्या १९९६ च्या अधिनियमाने, ज्याचे नियम महाराष्ट्राने २०१४ साली केले, आदिवासींना होणाऱ्या सावकारी कर्जावर नियंत्रण ठेवण्याच्या अधिकारात ग्रामसभेस भागीदार केले आहे. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. ज्यास शास्त्राने कुंपणाबाहेर ठेवले आणि इंग्रजाने पाल्य म्हटले, त्याच्याच सभेने आता उचलीचा हिशेब मागावयाचा आहे. किती ग्रामसभा तो मागतात, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या गावी विचारण्याचा आहे.

तात्पर्य, नीतीचा सिद्धान्त थोर असणे पुरेसे नाही. कौटिल्याचा थोर होता, मिलचा थोर होता. त्या सिद्धान्ताच्या कक्षेत सर्वांत दूरचा मनुष्य बसतो की नाही, आणि त्याच्या 'होय' या शब्दामागे 'नाही' म्हणण्याची वाट मोकळी आहे की नाही, हे पाहूनच राजशासनाची परीक्षा करावी. वचनाची पवित्रता ज्यांस खरोखर राखावयाची आहे त्यांनी वचन देणाऱ्याचे पोट आधी पाहावे. इत्यलम्.